स्थलांतरित शेतमजूर : ताण, आरोग्य आणि कराराचे अर्थशास्त्र

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी व्यक्ती स्थलांतरित होत्या. तथापि, या आकड्यात हंगामी शेतमजुरांचे चित्र पुरेसे उमटत नाही. जनगणनेत जन्मस्थान व पूर्वीचे वास्तव्य यांची नोंद होते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्यात परतणारे कुटुंब कागदोपत्री गावातच राहते. ज्यांची मोजणी नीट होत नाही त्यांच्यासाठी रुग्णालय, शाळा व शिधावाटप यांचे नियोजनही नीट होत नाही. या मजुरांच्या आरोग्याचा विचार करताना अपघात, कुपोषण व साथीचे रोग यांची चर्चा होते. ताणाची मात्र क्वचितच होते. ताण ही मनाची दुर्बलता आहे असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात या मजुरांचा ताण मुख्यतः त्यांच्या कामाच्या अटींतून निर्माण होतो. म्हणून हा विषय आरोग्यशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या उदाहरणावरून या संबंधाचा आढावा घेतला असून राजस्थानातील अनुभवाशी त्याची तुलना केली आहे.

ताण : संकल्पना आणि सिद्धान्त

धोका जाणवताच शरीर त्याला तोंड देण्याची तयारी करते. मेंदूतील अधश्चेतक आणि पियूषिका ग्रंथी यांच्या संदेशाने अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल स्रवते. त्याआधीच अ‍ॅड्रेनॅलिनमुळे नाडी वाढते व रक्तदाब चढतो. संकट टळले की शरीर पूर्वपदावर येते. संकट टळलेच नाही तर काय होते, याचा अभ्यास हान्स सेली यांनी केला. १९३६ पासून त्यांनी मांडलेल्या विवेचनात धोक्याची सूचना, प्रतिकार आणि थकवा अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. पुढे १९९० च्या दशकात ब्रूस मॅकएवन यांनी दीर्घकाळ साचत जाणाऱ्या ताणाच्या भाराची कल्पना मांडली. या भारामुळे रक्तदाब, रक्तातील साखर, झोप, पचन व रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर हळूहळू परिणाम होतो.

कामाच्या स्वरूपातून निर्माण होणाऱ्या ताणासंबंधी दोन सिद्धान्त विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. रॉबर्ट कारासेक यांच्या १९७९ च्या मांडणीनुसार जेथे कामाची मागणी मोठी आणि स्वतःच्या कामावरील नियंत्रण अल्प असते, तेथे ताण सर्वाधिक असतो. योहानेस सीग्रिस्ट यांच्या १९९६ च्या मांडणीनुसार श्रम आणि मोबदला यांतील असमतोल आरोग्यास घातक ठरतो. हे दोन्ही सिद्धान्त प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील कारखाने व कार्यालये यांच्या अभ्यासातून पुढे आले. परंतु उसाच्या फडाला ते तंतोतंत लागू पडतात.

तिसरा संदर्भ भारतातील आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची कापणीपूर्वी व कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, हातात पैसा नसताना त्याच शेतकऱ्यांची कामगिरी खालावल्याचे आढळले. माणसे तीच, बुद्धी तीच. पैशाची विवंचना मात्र विचारशक्तीचा मोठा वाटा व्यापून टाकते. विवंचनेत घेतलेले निर्णय चुकीचे ठरण्याचा संभव त्यामुळे वाढतो. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरेल.

उचल, कोयता आणि खाडा

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगा, अहिल्यानगरमधील पाथर्डी, तसेच जालना, परभणी, नांदेड यांसारखे जिल्हे हा ऊसतोड कामगारांचा मुख्य पट्टा होय. १९७२ च्या दुष्काळानंतर येथील स्थलांतर वाढले. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो मजूर कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर तसेच कर्नाटकातील बेळगाव-बागलकोट या भागांत जातात. कोरडवाहू शेती, जमिनीचे लहान तुकडे आणि पावसाची अनिश्चितता ही त्यामागील कारणे आहेत.

या व्यवस्थेचे एकक व्यक्ती नसून ‘कोयता’ आहे. पती-पत्नीच्या जोडीला एक कोयता धरले जाते. एकट्या मजुराला अर्धा कोयता म्हणतात. कारखाना करार करतो तो वाहतूकदार आणि मुकादम यांच्याशी. मुकादम टोळी जमवतो आणि हंगामापूर्वी प्रत्येक कोयत्याला ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. लग्न, आजारपण, घरबांधणी वा जुने देणे यांत ती गाव सोडण्यापूर्वीच खर्च होते. नंतर तोडलेल्या उसाच्या वजनानुसार ती फेडली जाते. दर आठवड्याला वा पंधरवड्याला मिळणारी ‘खर्ची’ही हिशेबात वळती होते. काम चुकले तर ‘खाडा’ धरून रक्कम कापली जाते.

या व्यवहाराचे गणित मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. जानेवारी २०२४ मधील समझोत्यानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो प्रतिटन सुमारे ३६६ रुपये झाला. उदाहरणादाखल, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली असे मानू. ती फेडण्यासाठी सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. एक जोडी दिवसाकाठी साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. दोन टनांच्या गतीने १३७ दिवस, तर दीड टनाच्या गतीने १८२ दिवस लागतील. तेही एकही खाडा न होता आणि खर्ची न घेता. गळीत हंगाम मात्र उसाच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो. तो कधी पाच-सहा महिने चालतो, तर ऊस कमी असलेल्या वर्षी तीन महिन्यांच्या आसपास आटोपतो. फेड अपुरी राहिली की बाकी पुढील हंगामाच्या खात्यावर चढते आणि त्याच मुकादमाकडे परत जाणे भाग पडते.

या करारात जोखमीची वाटणी कशी झाली आहे हे येथे स्पष्ट होते. पाऊस कमी पडला, गाडी उशिरा आली, कारखाना बंद पडला, मजूर आजारी पडला, तरी नुकसान मजुराचेच. कामाची गती, वेळ व जागा यांवर त्याचे नियंत्रण नाही. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला मोळ्या भराव्या लागतात. कारासेक यांनी सांगितलेली मोठी मागणी आणि अल्प नियंत्रण, तसेच सीग्रिस्ट यांनी सांगितलेला श्रम व मोबदला यांतील असमतोल, दोन्ही येथे एकाच करारात एकत्र येतात. जोडीने कामाची पद्धत असल्यामुळे एकाचे आजारपण दोघांचा रोज बुडवते. म्हणूनच दुखणे अंगावर काढण्याकडे कल असतो.

शरीरावर होणारे परिणाम

पहाटे सुरू होणारी तोडणी, पंधरा-वीस किलोंच्या मोळ्या डोक्यावरून वाहणे, अपुरी झोप आणि पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपीतील मुक्काम यांमुळे पाठ, मान व गुडघे यांची दुखणी सार्वत्रिक असतात. त्यावर ताणाचा थर चढतो. सतत वाढलेल्या कॉर्टिसॉलमुळे झोप उडते, रक्तदाब व साखर वाढते आणि संसर्गाशी लढण्याची शक्ती घटते. वेदना व थकवा विसरण्यासाठी पुरुषांत दारू, तर स्त्री-पुरुष दोघांतही तंबाखू व मिश्री यांचा वापर वाढतो. दारूचा खर्च आणि घरातील हिंसा यांतून स्त्रीच्या ताणात पुन्हा भर पडते. अशा प्रकारे ताण कुटुंबात एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो.

स्त्रियांवरील भार दुहेरी असतो. फडातील काम पुरुषाच्या बरोबरीने करून पाणी, सरपण, स्वयंपाक व मुले त्यांनाच सांभाळावी लागतात. शौचालय व स्नानगृह नसल्याने त्या पाणी कमी पितात. परिणामी मूत्रमार्गाचे विकार जडतात. मासिक पाळीतही काम थांबवता येत नाही, कारण खाड्याची धास्ती असते. गरोदरपणातील तपासण्या आणि बालकांचे लसीकरण गावच्या आशा व अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत अडकून राहते. कुटुंब मात्र दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असते.

उष्णतेचा ताणही दुर्लक्षिण्याजोगा नाही. निकाराग्वा व एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. तीव्र उष्णता, कष्ट व शरीरातील पाणी कमी होणे यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. पाणी, विश्रांती व सावली यांची नियमित व्यवस्था केल्यावर मूत्रपिंडाची हानी कमी होऊ शकते, असे तेथील उपक्रमांतून दिसून आले. महाराष्ट्रात हंगाम लांबून एप्रिल-मेपर्यंत गेला, तर हाच प्रश्न येथेही उद्भवतो.

बीड आणि दौसा : विवंचनेतील निर्णय

ताणाचा सर्वांत गंभीर परिणाम बीड जिल्ह्यात दिसून आला. ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याची वृत्ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसले तरी तफावत दुर्लक्षिता येण्याजोगी नाही.

या आकड्यांमागील साखळी समजून घेतली पाहिजे. अस्वच्छता, वारंवार होणारी बाळंतपणे व जड कामे यांमुळे अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अतिरक्तस्राव असे त्रास उद्भवतात. त्यांवर बहुधा औषधोपचार पुरेसे असतात. परंतु औषधोपचाराला वेळ व वारंवार भेट लागते, आणि तोडणीच्या हंगामात तीच दुर्मीळ असते. सरकारी दवाखाना दूर असतो. ‘पिशवी’ ठेवली तर कर्करोग होईल, अशी भीती अनेक स्त्रियांना घातली गेल्याच्या तक्रारी होत्या. एकदाच शस्त्रक्रिया केली की दुखणे व खाडे दोन्ही संपतील, असा हिशेब कुटुंब मांडते. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले जाते, ते फेडण्यासाठी उचल घेतली जाते आणि तीच स्त्री पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा फडात जाते. तरुण वयात, विशेषतः अंडाशयही काढले असल्यास, अकाली रजोनिवृत्ती, हाडांचा ठिसूळपणा व हृदयविकाराचा धोका वाढतो. तामिळनाडूतील अभ्यासाने दाखविलेली पैशाची विवंचना येथे प्रत्यक्ष शरीरावर शस्त्र चालविण्याच्या निर्णयापर्यंत पोहोचते. याला स्त्रियांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. उपलब्ध पर्यायच इतके अल्प होते.

हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता वा एका व्यवसायापुरता नाही. जयपूरपासून पूर्वेस सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या दौसा जिल्ह्यात ऊसतोड नाही, मुकादम नाही. तरीही २०११ च्या सुमारास तेथील खासगी रुग्णालयांत ग्रामीण गरीब स्त्रियांवर अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी माहिती अधिकारातील कागदपत्रांतून पुढे आल्या. राजस्थान, बिहार व छत्तीसगड येथील अशा शस्त्रक्रियांबाबत डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या आणि ५ एप्रिल २०२३ च्या निकालात त्या तीन महिन्यांत लागू करण्याचा निर्देश न्यायालयाने राज्यांना दिला. बीड जिल्ह्यात त्यापूर्वीच खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली होती. दौशाच्या उदाहरणावरून असे दिसते की, दुर्बळ सार्वजनिक आरोग्यसेवा आणि खासगी सेवेतील नफ्याची प्रेरणा ही दोन कारणे सर्वत्र समान आहेत. बीडमध्ये त्यांत उचल व खाडा यांचा दाब मिळाला.

राजस्थानच्या दक्षिण भागातून, म्हणजे उदयपूर, डुंगरपूर व बांसवाडा येथून, आदिवासी कुटुंबे उत्तर गुजरातेत कापूस व अन्य शेतीच्या कामासाठी जातात. तेथे ‘भागिया’ म्हणून पिकाच्या हिश्शावर राबण्याची पद्धत आहे. हिश्शाचा हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो व मधल्या उचलीची वजावट त्यातूनच होते. नावे वेगळी, पीक वेगळे. अनिश्चित मोबदला व आगाऊ कर्ज हे सूत्र एकच आहे.

मानसिक आरोग्याची आकडेवारी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये शेतीक्षेत्रातील १०,७८६ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,६९० शेतकरी व ६,०९६ शेतमजूर होते. २०२२ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ५,२०७ व ६,०८३ असे होते. म्हणजेच शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक आहे. सार्वजनिक चर्चा मात्र प्रामुख्याने शेतकऱ्यांभोवती फिरते. शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असतो, बँकेचे कर्ज असते. त्यामुळे कर्जमाफी व भरपाई त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. मुकादमाची उचल कोणत्याही बँकेच्या खातेवहीत नसते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले. विविध विकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. अमेरिकेत मेक्सिकन स्थलांतरित शेतमजुरांसाठी जोसेफ होवी यांनी स्वतंत्र ताणसूची तयार केली आहे. भाषेची अडचण, कुटुंबापासून दुरावा, निवासाची दुरवस्था, कामाची अनिश्चितता अशा बाबींची नोंद तीत होते. ऊसतोड कामगारांसाठी अशी सूची करावयाची झाल्यास उचल, खाडा व मुलांच्या शाळेची चिंता यांना तीत स्थान द्यावे लागेल.

कायदेशीर चौकट

* संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार वेठबिगारीस मनाई आहे. १९८२ च्या एशियाड खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे हा वेठबिगारीचाच प्रकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. राजस्थानातील दुष्काळी कामांवरील मजुरांबाबतच्या १९८३ च्या संजित रॉय खटल्यातही हेच तत्त्व लागू झाले.
* वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ : कर्जाच्या बदल्यात श्रम वा हालचालीवर बंधन घालणे बेकायदेशीर.
* आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ : आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगाराचाही तीत समावेश आहे. मात्र संबंधित प्रकरण दहा वा अधिक आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते.
* मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ : शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क.
* राजस्थान आरोग्य हक्क अधिनियम, २०२३ : जयपूर येथे विधानसभेने मार्च २०२३ मध्ये संमत केला.

येथे एक उणीव लक्षात घेणे आवश्यक आहे. बीडहून कोल्हापूरला जाणारा मजूर तीनशे किलोमीटर प्रवास करतो, परंतु राज्याची सीमा ओलांडत नाही. त्यामुळे आंतरराज्य स्थलांतरितांसाठीच्या तरतुदींचा लाभ त्याला होत नाही. बेळगावला जाणाऱ्या शेजाऱ्याला तो होऊ शकतो. शिवाय कारखान्याचा करार मुकादमाशी असल्याने मालक कोण, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

उपाययोजनांची दिशा

महाराष्ट्रात लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले असून त्यासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये व तेवढाच वाटा शासनाकडून, अशी निधीची रचना आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये हाती घेण्यात आली. मुले गावाकडे सुरक्षित असतील तर आईवडिलांच्या चिंतेचा मोठा भाग हलका होतो. या अर्थाने वसतिगृह ही आरोग्ययोजनाही आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे कामाच्या ठिकाणी धान्य घेणे शक्य झाले आहे. मानसिक समुपदेशनासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

तथापि, समुपदेशनाने उचल फिटत नाही. ताणाच्या मुळाशी जाणारे उपाय पुढील दिशेने असावयास हवेत. पहिला, उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हाती असावा आणि तिचे प्रमाण हंगामातील संभाव्य कमाईशी निगडित असावे. दुसरा, आजारपण, पाळी व बाळंतपण यांतील खाडे दंडमुक्त करून त्यांचा भार कल्याण निधीने उचलावा. तसे झाल्यास गर्भाशय काढण्यामागील हिशेबच बदलेल. तिसरा, मजुरी जोडीच्या नावे न देता स्त्रीचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. चौथा, फिरती आरोग्य पथके तोडणी संपल्यानंतरच्या वेळेत वस्तीवर जावीत आणि गावाकडील आशा सेविकेची नोंद कारखाना क्षेत्रातील आशा सेविकेकडे पोहोचावी. पाचवा, राज्यांतर्गत स्थलांतरितांनाही आंतरराज्य कामगारांप्रमाणे संरक्षण मिळावे.

कामाच्या अटी बदलता येतात, याला इतिहासाची साक्ष आहे. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना दिवसभर वाकून काम करावयास लावणाऱ्या आखूड दांड्याच्या कुदळीवर १९७५ मध्ये बंदी आली. त्या मजुरांच्या पाठदुखीवर केवळ औषध न देता अवजार बदलण्यात आले. मालकांच्या मते हे अवजार अपरिहार्य होते. शेती मात्र त्यानंतरही चालू राहिली.

समारोप

ताण हा मनात जन्मतो असे वाटत असले तरी स्थलांतरित शेतमजुराच्या बाबतीत त्याची कारणे उचलीच्या वहीत, वजनकाट्यावर आणि नोंद नसलेल्या पत्त्यात शोधावी लागतात. त्याचे परिणाम मात्र रक्तदाबात, झोपेत, मुलांच्या शिक्षणात आणि स्त्रीच्या शरीरात दिसतात. साखरेच्या किमतीत ऊस, वाहतूक, वीज व व्याज यांचा खर्च धरला जातो. तोडणी करणाऱ्याच्या शरीराची झीज धरली जात नाही. अर्थशास्त्रात अशा न मोजलेल्या खर्चाला बाह्य परिव्यय म्हणतात. हा खर्च आज मजुराचे कुटुंब सोसते. तो उद्योगाच्या व शासनाच्या हिशेबात आणणे, हेच या क्षेत्रातील आरोग्यधोरणाचे खरे काम होय.